सतरा नंबरची बाई

स्पीकर आणला होता भोरड्यांसाठी. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे गावात ज्याने त्याने आपापलं तिखटमीठ लावून ही गोष्ट सांगितली. कुणी म्हणालं रत्नाला बाहेरचं लागलं, कुणी म्हणालं ऑपरेशनच्या भुलीचा परिणाम. तसलं काही नव्हतं. दादर ज्वारी हुरड्यात आली होती, सकाळ झाली की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत होते आणि कणसं कोरी करून उठत होते. गोफण फिरवून रत्नाचा खांदा गेला होता. मचाणावर उभं राहून हाकारे घालावेत, तर तेही होईना. तिच्याकडे घालायला आवाजच उरला नव्हता.

गाव शिरपूर तालुक्यातलं, अनेर नदीच्या काठचं. पलीकडच्या काठाला जळगाव जिल्हा लागतो. दोन्ही काठांवर रत्नाचा गळा माहीत होता. हळदीला, मांडवाला तिला बोलावणं असायचं, आणि श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की मग विचारूच नका. ह्या भाऊकीत कानबाईचं पहिलं गाणं कुणीही उचलायचं नाही, एकीनेच उचलायचं. रत्नाच्या सासूकडे तो मान होता. म्हातारीने जाण्याआधी तो थोरल्या सुनेला, मंदाबाईला, दिला नाही. धाकट्या रत्नाला दिला. मंदाबाईने तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण विसरलीही नाही. अशा गोष्टी बायका विसरत नसतात, आणि पुरुष विसरतात असं समजणाराही भोळाच.

मग रत्नाच्या गळ्यात गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, जीव वाचला. आवाजात फरक पडेल हे डॉक्टरांनी आधी सांगितलंच होतं. फरक म्हणजे काय, तर खालचा सूर घोगरा झाला आणि वरचा मध्येच फुटायला लागला. मडक्याला तडा गेला की पाणी भरताना जसं कळतं, तसं तिला गाताना कळायचं, आता इथून जाणार.

मागच्या श्रावणात कानबाईला उंबऱ्याबाहेर काढताना तिने पहिलं गाणं उचललं आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. मंदाबाईची नवी सून, दिपमाला, फिस्सकन हसली. पोरगी वाईट नव्हती, हसू आलं, हसली. मंदाबाईने मात्र ती ओळ तिथूनच उचलून घेतली आणि नदीपर्यंत नेली. तेवढ्यावर भागलं असतं. पण कार्तिकात दिपमालाचा गर्भ चौथ्या महिन्यात पडला, आणि ओट्याओट्यावर कुजबुज सुरू झाली. देवीचं गाणं तुटलं की घरातलं काहीतरी तुटतं म्हणे. रत्नाच्या तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त हळदीची बोलावणी बंद झाली, भजनात तिच्या हातात टाळ देण्यात आले, आणि ती आली की बायका सरकून जागा करून द्यायच्या, जरा जास्तच जागा.

रत्नाने ते सगळं मूग गिळून सोसलं. आपल्या आवाजाने कुणाचं काही वाईट होत नसतं हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि चार बायकांत मान वर करून बसणं वेगळं. रात्री नाही, भर दिवसा भाकऱ्या थापताना तिला वाटायचं, न जाणो, असेलही खरं.

तर स्पीकर. तिचा नवरा सुपडू शिरपूरला गेला आणि नवीनच्या मोबाईलच्या दुकानातून चार्जिंगचा स्पीकर घेऊन आला. लहान पेटीएवढा, वर कडी, पुढे लाल आकडे उमटायचे, कितवं गाणं चालू आहे ते दाखवायला. कार्डात काय भरू, असं नवीनने विचारलं तेव्हा सुपडूने त्याला नीट समजावून सांगितलं होतं.

"देवाधर्मानं नको. आरती लावीसन पाखरं हाकलानं म्हंजे पाप लागी. आपला अहिराणी गाना बी नको, शेजारना वावरमाना मजूर काम सोडीसन नाचतीन. काहीतरी इंग्रजी टाक. कोनले समजाले नको, नुसता धिंगाना पाहिजे."

नवीनच्या कॉम्प्युटरात सोलरच्या कामावर आलेल्या कुणा इंजिनिअरची गाणी पडून होती. ती सगळी, एकूण चौसष्ट, त्याने कार्डात ओतून दिली. सुपडूने बांधावर पहिलं गाणं लावलं, अर्धा मिनिट ऐकलं आणि त्याचं समाधान झालं.

"बेस शे," तो म्हणाला. "अडेल म्हैस हंबरस तसं शे. एक पाखरू टिकाव नही."

आणि खरंच, चार दिवस एक पाखरू टिकलं नाही. पाचव्या दिवशी दोन भोरड्या लांबच्या निंबावर येऊन बसल्या. आठव्या दिवशी त्या स्पीकरवरच बसल्या आणि पंख साफ करू लागल्या. हे नुसतं ओरडतं, मारत काही नाही, हे त्यांना आठ दिवसांत कळलं. माणसांच्या बाबतीत रत्नाला ते चौपन्न वर्षांत कळलं नव्हतं.

पहिले काही दिवस तिलाही ते गाणं वाटलंच नाही. कुणी पिंप बडवतंय, कुणी शिंग फुंकतंय, कुणी पेटीसारखं काहीतरी पिटतंय, आणि सगळे एकदमच बोलतायत, ग्रामसभेसारखे. पण मचाणावर दिवसभर दुसरं करायचं काय? कान काही मिटता येत नाहीत. मग तिने एक युक्ती काढली. नऊ नंबरच्या गाण्यात मागे जाड तारांचं एक वाद्य होतं, पुढे पुढे न करता धुम धुम चालत राहायचं. तिने ठरवलं, आज फक्त ह्याचा पदर धरायचा. बाकीच्यांना काय गोंधळ घालायचा तो घालू दे.

सकाळभर तिने नऊ नंबर लावला. धुम धुम धरून चालता चालता तिच्या ध्यानात आलं की तो शिंगवाला भरकटत नाहीये. तो चालीची वाट सोडून बांधावर चढायचा, बांधावरून कुणाच्या तरी वावरात घुसायचा, तिथून पार नदीकडे जायचा, वाटायचं हा गेला आता कामातून. आणि बरोबर त्या धुम धुमच्या पावलावर परत घरी यायचा, जसं काही झालंच नाही. तिसऱ्यांदा तो असा आला तेव्हा रत्ना मचाणावर एकटीच हसली. एवढं भटकायचं आणि कुणी रागवायचं नाही, ही गोष्टच तिला नवीन होती.

मग तिला नादच लागला. एक दिवस नुसता ढोल ऐकायचा, दुसऱ्या दिवशी नुसती पेटी. पाच नंबरात ढोलवाला मध्येच हात आखडता घ्यायचा आणि त्या रिकाम्या जागेत बाकीचे घुटमळायचे, ते तिला फार आवडायचं. एकतीस नंबर तिला कधीच आवडला नाही, ती तो लागला की शिवी घालून पुढे ढकलायची. न कळणारं सगळंच भारी असतं असं मानायला ती काही शहरातली नव्हती.

सतरा नंबर तिच्या वाट्याला असा आला. दुपारची वेळ, भोरड्या निंबात गप्प झालेल्या. एक बाई गात होती, सोबत नुसती ती पेटी. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. पण तिचं बोलणं कळत होतं. ती एक ओळ म्हणायची. मग तीच ओळ पुन्हा म्हणायची, जरा जोर देऊन. आणि तिसऱ्यांदा निराळंच काहीतरी सांगून मोकळी व्हायची. पहिल्यांदा सांगितलं तर कुणी ऐकत नाही, म्हणून पुन्हा सांगायचं, आणि मग का ते सांगायचं. रत्ना भांडायची तेव्हा अशीच भांडायची.

आणि ओळ पुन्हा म्हणताना एका जागी त्या बाईचा आवाज फुटला.

रत्नाचा हात गोफणीवर थांबला. हा गळा तिने लगेच ओळखला. खाली घोगरा, वर चिरलेला. आता ही थांबेल, कुणीतरी हसेल, कुणीतरी हिची ओळ काढून घेईल. कुणी काढून घेतली नाही. पेटीवाला उलट मागे सरला, तिला जागा दिली. बाई पुढच्या कडव्यात पुन्हा त्याच जागी आली आणि तिने पुन्हा आवाज फोडला, ह्या वेळी चुकून नव्हे, ठरवून. जणू म्हणत होती, ऐकलं नाही का मघाशी, हे घ्या, परत ऐका.

रत्नाने त्या दिवशी सतरा नंबर अकरा वेळा लावला. तिला रडू आलं असं पुढे गावात सांगत होते, ते साफ खोटं. तिला राग आला. त्या बाईचा नव्हे, स्वतःचा. हिचा गळा आपल्यापेक्षा फाटका, आणि ही तो मिरवतेय. आणि आपण? आपण इतके महिने टाळ कुटत बसलो, सरकून दिलेल्या जागेवर अंग चोरून बसलो, आणि वर आपलंच चुकलं असेल म्हणत भाकऱ्या थापल्या. दादरीच्या एवढ्या मोठ्या वावरात ऐकायला कुणी नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि सतरा नंबरच्या बाईबरोबर, शब्दांशिवाय, जमेल तसा सूर लावला. आवाज फुटला. तिने तो फुटू दिला. भोरड्या उडाल्या नाहीत, त्यांना ह्याचीही सवय होती.

दादर कापली गेली आणि स्पीकरचं काम संपलं. सुपडूने तो माळ्यावर टाकायला उचलला.

"खाले ठेवा," रत्ना म्हणाली. "तो आते मना शे."

रोज दुपारी, डाळ निवडताना, ती तो लावू लागली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गल्लीतले अभिमननाना डोक्याला पंचा बांधून, हळू पावलांनी ओट्यावर येऊन बसले. सुपडूही काही न कळून शेजारी बसला. बराच वेळ दोघे खाली बघत राहिले. मग नानांनी सुस्कारा सोडून विचारलं, "कोन गयं?"

"कोनीच नही, नाना," सुपडू ओशाळून म्हणाला. "मनी बायको गाना आयकी राहिनी."

नानांनी पंचा सोडला. आलेच होते तर चहा घेतला आणि चहा घेता घेता अख्खा सतरा नंबर ऐकला. जाताना त्यांनी रत्नाला विचारलं, "हाई बाई रडी राहिनी का भांडी राहिनी?"

"दोन्ही," रत्ना म्हणाली.

ही गंमत गावभर झाली, पण मंदाबाईला त्यात गंमत दिसली नाही. दोन्ही घरांची भिंत एक. ती दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"भर दुपारले घरमा मयतनं गानं लावस," ती म्हणाली. "आमना घरनं आनखी काय व्हवानं बाकी शे, रत्ना?"

म्हणजे जे इतके महिने ओट्याओट्यावर चाललं होतं ते आता दारात आलं. सुपडूचं तोंड उतरलं. संध्याकाळी गोठ्यात दूध काढताना तो बायकोला म्हणाला, "बंद करी टाक ना. काबरं लोकेसना तोंडे लागस?"

"तुमना बिड्या मी बंद कऱ्यात का कधी?" रत्नाने विचारलं. "तीस वरीस व्हयनात, धूर खाई राहिनी. तुम्ही बी जरा मनं गानं खा."

सुपडूने दुधाची बादली उचलली. गडी तसा समजूतदार, फक्त समजायला वेळ लागायचा. पुढच्या दुपारी तो ओट्यावर बिडी ओढत बसला होता. रत्नाने पाहिलं, तर नऊ नंबरच्या धुम धुमवर त्याच्या पायाचा अंगठा हलत होता. तिने तसं दाखवलं नाही.

होळी झाल्यावर ती एसटीने एकटीच शिरपूरला गेली. नवीनच्या दुकानात काउंटरवर स्पीकर ठेवला आणि म्हणाली, "आनखी भर. असाच."

"काकू, आता कुठली पाखरं?" नवीन हसला. "दादर तर झाली ना?"

"पाखरेससाठी नही. मनासाठी."

नवीनने तिच्याकडे बघितलं आणि हसणं आवरलं. मग त्याने सांगितलं की त्या सोलरवाल्या इंजिनिअरने त्यालाही ह्यातलं थोडं शिकवलं होतं. ते शिंगवालं, भटकून घरी येणारं, त्याला जॅझ म्हणतात. सतरा नंबरची बाई गाते ते ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. त्यांच्या आज्या-पणज्यांना गुलाम करून बोटीत घालून आणलं होतं, कापसाच्या शेतांवर राबवलं होतं.

"कापूस येचेत त्या?" रत्नाने मध्येच विचारलं.

"हो काकू. सूर्य उगवल्यापासून."

रत्नाने आपली नखं पाहिली. कापसाच्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी कुठे लागतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण आपण वेचायला जातो ते आपल्या किंवा शेजारच्या वावरात, संध्याकाळी आपल्या घरी येतो. त्यांना घरच ठेवलं नव्हतं. एवढं झाल्यावरही ती बाई आवाज फोडून गाते, आणि इथे आपल्याला जावेने दारात येऊन टोमणा मारला म्हणून गळा बसतो. तिला स्वतःची लाजही वाटली आणि हसूही आलं.

"त्या बाईनं आनखी काही असीन ते टाक," ती म्हणाली. "आनि एक एक करीसन टाक. बठ्ठं एकदम नको. आयकाले टाईम लागस."

उन्हाळाभर तिने ऐकलं. आणि गायली. नदीच्या पात्रात, कपडे धुताना, दुपारी जेव्हा तिथे कुणी नसतं तेव्हा. सतरा नंबरचं नव्हे, आपलंच, कानबाईचं. आवाज आता पूर्वीसारखा व्हावा म्हणून ती गात नव्हती. तो तसा होणार नाही हे तिने एकदाचं मान्य केलं होतं. तो कुठे फुटतो, किती फुटतो, फुटल्यावर पलीकडे काय उरतं, हे ती बघत होती. नव्या बैलाच्या खोडी जशा आधी माहीत करून घ्याव्या लागतात, तसं.

श्रावण लागला. नागपंचमी झाली आणि रविवारच्या कानबाईसाठी मंदाबाईच्या ओट्यावर नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला भाऊकीतल्या बायका बसल्या. रत्नाही गेली. तिला नेहमीसारखी सरकून जागा झाली. ती त्या जागेत ऐसपैस बसली.

"औंदा गाना मोबाईलवर लावसूत," मंदाबाईने जाहीर केलं. "दिपमालानी काढी ठेयेल शेतस. सूर बी बरोबर, शब्द बी बरोबर. कोनले तरास नको."

"पहिलं गानं मी उचलसू," रत्ना म्हणाली.

सुपातले गहू पाखडायचे थांबले.

"मांगला वरीस विसरनी का?" मंदाबाई म्हणाली. "तुनी गानं तोडं, आनि मंग..." तिने वाक्य तिथेच सोडलं, कारण दिपमाला समोरच बसली होती, मान खाली घालून खडे वेचत.

सोडलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. आतापर्यंत असंच चाललं होतं. अर्धं बोलायचं आणि उरलेलं अर्धं रत्नाच्या डोक्यावर ठेवायचं.

"पुरं बोल ना, अक्का," रत्ना म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता आणि तिने तो साफ करायचा प्रयत्न केला नाही. "मना गळामुये कोनं बी पोट रिकामं व्हत नही. दिपमालाना डॉक्टरनी काय सांगं ते तुले माहित शे. हाई पोरले बी माहित शे. ती बिचारी दुखमा व्हती, आनि तुम्ही तिना दुखवर मनं नाव लिखी टाकं."

दिपमालाच्या हातातला खडा हातातच राहिला. तिने वर पाहिलं नाही.

"देवीनं काम शे," मंदाबाईचा आवाज चढला. "तुनी हौस करानी जागा नही ती."

"सासूबाईनी माले देल शे ते काम. देवीले मना गळा नको व्हई, ते देवी सांगी. तू काबरं सांगस?"

 रत्नाने आपल्या वाटणीचे गहू निवडून संपवले, एकही खडा न ठेवता, मगच उठली. ती घरी आली. सुपडूला बातमी आधीच पोचली होती. त्याने पाणी आणून दिलं आणि घाबरत घाबरत विचारलं, "परत तुटनं ते?"

"तुटीच," रत्ना म्हणाली. "कथं तुटी ते बी माले माहित शे."

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. नारळाला नथ, डोळे, मळवट, अंगावर जरीचं वस्त्र. चौरंग कुंदाबाई नावाच्या चुलतजावेच्या डोक्यावर होता. अंगणात तीसेक बायका, पुरुष मागे ताशाजवळ. दिपमाला मोबाईल हातात धरून उंबऱ्याशी उभी, बटण दाबायचं तेवढं बाकी. मंदाबाई तिच्या शेजारी. उंबरा ओलांडायच्या आधी गाणं उठलं पाहिजे, त्याशिवाय देवीचं पाऊल हलवायचं नाही.

रत्ना पुढे आली.  भीती गेलेली नव्हती, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. तिने डोक्यावर पदर घेतला आणि पहिली ओळ उचलली. चाल माय, चाल वं माय. ही ओळ खालच्या सुरातली, घोगरी पण सरळ गेली. मग दुसरी. पानी तुना पाय धोवाले उभं. 'उभं' वर सूर चढतो. तिथे तो फुटला, चांगलं कापड फाटल्यासारखा.

 ही ओळ बायकांनी झेलायची असते. एकीनेही झेलली नाही.

"लाव वं," मंदाबाई दिपमालाला दबक्या आवाजात म्हणाली.

रत्ना थांबली नाही. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि त्याच जागी पुन्हा फोडली. आता कुणालाही चूक म्हणता येणार नव्हतं. घसा जळत होता. कुणी झेलो न झेलो, तिला थांबायचं नव्हतं. तिसरी ओळ तिने एकटीने म्हटली, थेट मंदाबाईकडे बघून. तिच्या अंगात राग होता, आणि रागाच्या खाली इतका आनंद होता की तो कधी आत शिरला हे तिलाही कळलं नाही.

"लाव ना वं, देखस काय?" मंदाबाई म्हणाली.

दिपमालाचा अंगठा मोबाईलवर होता. तिने तो उचलला आणि मोबाईल कमरेला खोचला. मग तिने तोंड उघडलं आणि ओळ झेलली. आवाज पातळ, थरथरता. तिला डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा होता, पण तिने पुसलं नाही, गात राहिली. तिच्या मागून कुंदाबाईने चौरंगाखालून सूर दिला. मग आणखी दोघी. मग अंगणच उठलं. कुंदाबाईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मागे ताशा कडाडला.

गल्लीतून, मारुतीच्या पारावरून, उताराने नदीपर्यंत रत्नाने ते गाणं नेलं. दर वेळी 'उभं' आलं की तिचा आवाज फुटायचा आणि दर वेळी तीस बायका तो झेलायच्या. अनेरला पाणी चढलं होतं. देवीला निरोप दिला तेव्हा रत्नाच्या गळ्यातून शब्द निघत नव्हता. तिने हातानेच नमस्कार केला.

कुणाच्या घरावर आभाळ कोसळलं नाही. दिपमालाला लगेच दिवस गेले असंही काही झालं नाही. वर्ष जसं जातं तसं गेलं. मंदाबाई दिवाळीपर्यंत रत्नाशी बोलली नाही. दिवाळीला फराळाचं ताट दिपमालाच्या हाती आलं. ती ताट देऊन लगेच गेली नाही, स्पीकरजवळ बसून राहिली आणि म्हणाली, "काकू, ती बाई लावा ना." त्यानंतर ती अधूनमधून दुपारी यायची. रत्नाने तिला पहिल्याच दिवशी बजावलं, समजायची घाई करू नको, एका वेळी एकाचाच पदर धर.

यंदाच्या श्रावणात भाऊकीत दोन नव्या सुना होत्या. एक चाळीसगावकडची, एक फैजपूरची. त्यांना कानबाईची गाणी दिपमालाने शिकवली, आठ दिवस, आपल्या ओट्यावर. सोमवारी रत्नाने पहिलं गाणं उचललं, 'उभं' वर नेहमीच्या जागी आवाज फोडला, आणि त्या दोन्ही पोरींनी ओळ झेलताना बरोबर तिथेच आपलेही आवाज फोडले. गळे कोवळे, धडधाकट, कुठे तडा नाही. पण त्यांनी मन लावून, न चुकता फोडले. त्यांना वाटत होतं गाणं तसंच आहे.

फैजपूरच्या पोरीची आई, तानुबाई, लेकीच्या घरची कानबाई बघायला आली होती. तिने चालता चालता शेजारच्या बाईला विचारलं, "हे गाणं मध्येच असं चिरून का म्हणतात हो तुमच्यात? आमच्याकडे सरळ म्हणतात."

शेजारी मंदाबाई होती. तिच्या पुढे दोन पावलांवर रत्ना चालत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.  ओळ आली, मंदाबाईने ती झेलली, आणि मग तानुबाईकडे न बघता म्हणाली, "आमना घरनं गानं असंच शे. पहिलापासून."

रत्नाने मागे वळून पाहिलं नाही. पुढची ओळ तिची होती, तिने ती उचलली.